नुसतं प्रश्नचिन्ह काढू नका

मुंबईजवळची कान्हेरी, घारापुरी ही माणसाने कोरलेली लेणी. पाण्याने चुनखडीत कोरलेल्या गुहांसाठी आम्ही हिवाळ्यात मेघालय गाठतो आणि चिखलाने माखलेली वही मी परळच्या खोलीत पंख्याखाली वाळवून नकाशा उतरवतो.

पहिल्या वर्षी नकाशावर, आत शिरून न पाहिलेल्या फाट्यांपुढे, म्हणजे गुहेच्या मुख्य वाटेतून फुटणाऱ्या वाटांपुढे, मी फक्त ‘?’ काढलं होतं. पुढच्या वर्षी त्यातल्या एकासाठी तासभर सरपटलो. पुढे हाताची मूठही जाईना. चूक माझीच.

आता प्रत्येक फाट्याला जवळच्या सर्व्हे स्टेशनचा, म्हणजे मोजमापासाठी ठरवलेल्या खुणेच्या जागेचा, नंबर देतो. एका नोंदीचा नमुना: ‘स्टेशन ४७, डावी भिंत, कमरेच्या उंचीवर. रुंदी ०.६ मी., उंची ०.४ मी. वारा आतून बाहेर, मेणबत्ती विझते. तळाशी ओला गाळ. पाचेक मीटर दिसतं, मग उजवीकडे वळण.’ ‘अरुंद’ लिहू नका. तुमचं अरुंद आणि माझं अरुंद यात माझ्या पोटाचा फरक आहे.

मग फाट्याची प्रत, म्हणजे दर्जा. चालत जाता येईल तो अ, रांगावं लागेल तो ब, खणल्याशिवाय जमणार नाही तो क. वारा जोरदार असेल तर मी क चाही ब करतो, कारण मागे मोठी पोकळी असू शकते. दोर लागणार असेल किंवा वाट पाण्यातून असेल, तर ते प्रतीत मिसळू नका, शेजारी वेगळं लिहा.

फाटा बंद निघाला तरी खोडरबर नको. तारीख आणि कुठे संपला ते लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा सरपटेल.