शैक्षणिक मेळाव्यात स्टॉल लावताय? नागपुरात या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की नागपुरात शैक्षणिक मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. मागे फ्लेक्स, पुढे टेबल, टेबलावर माहितीपत्रकांचे गठ्ठे आणि खुर्चीवर एखाद-दोन प्राध्यापक, असं सगळ्याच स्टॉलचं रूप असतं. संध्याकाळपर्यंत वही फोन नंबरांनी भरते. प्रवेश संपल्यावर वही उघडून बघितली तर त्यातली फारच थोडी नावं हजेरीपटावर दिसतात. मग पुढच्या वर्षी स्टॉल मोठा घेतला जातो, फ्लेक्स आणखी उंच केला जातो, आणि निकाल तोच राहतो.

मेळाव्यात येणारं कुटुंब तीन-चार नेमके प्रश्न मनात धरून येतं. फी किती, सवलत नक्की मिळेल का, मुलगी राहील कुठे, शिकून नोकरीचं काय. या प्रश्नांची खरी आणि घरी जाऊन तपासता येतील अशी उत्तरं ज्या स्टॉलवर मिळाली, तोच स्टॉल त्यांना कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज) भरताना आठवतो. खाली सांगितलेली प्रत्येक चूक या उत्तरांच्या आड येणारी आहे.

ऐकण्याआधीच बोलायला सुरुवात करणं

विद्यार्थी टेबलाजवळ आला की आपला माणूस पाठ केलेलं सुरू करतो: स्थापना कधीची, कॅम्पस किती एकरांचा, प्रयोगशाळा किती. मुलगा मान डोलावतो, माहितीपत्रक घेतो आणि पुढच्या टेबलाकडे जातो. त्याऐवजी आधी तीन गोष्टी विचारा: बारावी कोणत्या जिल्ह्यातून केली, सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) कोणत्या गटातून दिली आणि घरून कोणती अट आहे. तिसऱ्या प्रश्नावर पालक मोकळे होतात. ‘सर, पोरगी एकटी राहणार, होस्टेलचं कसं आहे जी?’ हा प्रश्न तिथेच बाहेर येतो, आणि त्या घरापुरता निर्णय बहुतेक वेळा त्याच उत्तरावर ठरतो.

दुसरी सवय म्हणजे फक्त वडिलांकडे बघून बोलणं. शिकायचं मुलीला आहे, तिच्याशी बोला. आई बाजूला गप्प उभी असेल तर तिला खुर्ची द्या आणि तिलाही विचारा. मेसचं जेवण, रात्री गेट किती वाजता बंद होतं, आजारी पडली तर कोण नेतं, हे प्रश्न तीच विचारते आणि घरी गेल्यावर वजन तिच्याच शब्दाला असतं.

भाषेचंही तसंच. नागपूरच्या मेळाव्यात भंडारा, गोंदिया, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली इथली माणसं येतात, तशीच छिंदवाडा, सिवनी, बालाघाटचीही येतात. स्टॉलवर मराठी आणि हिंदी दोन्ही सहज बोलणारा माणूस हवाच. इंग्रजी माहितीपत्रक पुढे सरकवून ‘सगळं यात आहे’ म्हणणं म्हणजे पालकांना परत पाठवणं.

नागपूरचा कटऑफ चंद्रपूरच्या मुलाला सांगणं

ही चूक जाणकार प्राध्यापकही करतात आणि हिचं नुकसान विद्यार्थ्याला थेट सोसावं लागतं. अभियांत्रिकीच्या कॅपमध्ये राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी ‘होम युनिव्हर्सिटी’ आणि ‘होम युनिव्हर्सिटीव्यतिरिक्त’ अशा वेगळ्या जागा असतात, आणि होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी जिथून केली त्या जिल्ह्यावरून. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली 2011 पासून गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत. यवतमाळ अमरावती विद्यापीठाकडे आहे.

म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यातून बारावी केलेल्या मुलासाठी नागपुरातलं कॉलेज होम युनिव्हर्सिटीतलं नाही. त्याने कटऑफच्या यादीत शेवटी ‘ओ’ (होम युनिव्हर्सिटीव्यतिरिक्त) असलेली ओळ बघायची, ‘एच’ (होम युनिव्हर्सिटी) असलेली नाही. आपण घाईत ‘एच’चा पर्सेंटाइल सांगितला की तो चुकीच्या आशेवर किंवा चुकीच्या निराशेवर फॉर्म भरतो. मध्य प्रदेशातून आलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी, त्यांना अखिल भारतीय जागा आणि जेईईचा स्कोअर याबद्दल सांगावं लागतं.

उपाय सोपा आहे. मागच्या वर्षीच्या सगळ्या फेऱ्यांचा शाखानिहाय कटऑफ प्रवर्गासह छापून टेबलावर ठेवा, आणि बोलण्याआधी जिल्हा विचारा. हा आकडा मागच्या वर्षीचा आहे, यंदा हलू शकतो, हेही प्रत्येकाला सांगा. ‘तुझं नक्की होईल’ हे वाक्य स्टॉलवर कुणीही उच्चारू नये. कॅपची जागा सीईटी सेलच्या गुणवत्ता यादीतून मिळते, आपल्या शब्दावर मिळत नाही.

‘शिष्यवृत्ती मिळेल ना, काळजी करू नका’

मेळाव्यातलं सगळ्यांत महाग पडणारं वाक्य हेच. या एका आश्वासनावर माणसं शेत गहाण टाकायचं की नाही ते ठरवतात. म्हणून इथे थोडं सविस्तर सांगतो.

राज्य सरकारने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत हवं. गावागावांत ही बातमी ‘मुलींना शिक्षण फुकट’ एवढीच पोचली. स्टॉलवरच्या माणसाने पुढचं सांगायला हवं: प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातला किंवा संस्थास्तरावरचा, म्हणजे कॉलेज स्वतः देतं तो, चालत नाही, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेत नाहीत. होस्टेल, मेस आणि बसचा खर्च वेगळाच. आपण खासगी विद्यापीठाच्या स्टॉलवर बसलो असू तर हे सांगताना जीभ अडखळते हे खरं, पण सांगायचंच. दिवाळीच्या सुमाराला पहिला हप्ता मागितल्यावर हे कळलं तर त्या मुलीचं अख्खं वर्ष जातं.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, अनुसूचित जातीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती (उत्पन्न मर्यादा अडीच लाख), अभियांत्रिकीतल्या ट्यूशन फी वेव्हर (शिक्षण शुल्क माफी) योजनेच्या जागा, या सगळ्यांच्या अटी वेगवेगळ्या आहेत. स्टॉलवरच्या प्रत्येकाला हे तोंडपाठ असेल अशी अपेक्षा नको. कॉलेजच्या कार्यालयात महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) अर्ज तपासणारा जो लिपिक आहे, त्याला मेळाव्याला घेऊन या. विभागप्रमुखांच्या भाषणापेक्षा त्याची अर्ध्या तासाची हजेरी अधिक कामाची ठरते. कुठल्या अर्जात कुठलं कागद अडतं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

कागदांवरून सांगायचं तर स्टॉलवरून देता येणारी सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे कागदपत्रांची यादी, एका पानावर, मराठीत. अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन क्रिमीलेअर आणि त्याची मुदत, आधार जोडलेलं बँक खातं. मे महिन्यात ही यादी हातात पडली तर जूनमध्ये तहसील आणि सेतू केंद्रातली धावपळ वाचते. ज्या मुलाची जात वैधता अजून झालेली नाही, त्याला तिथल्या तिथे सांगा की आजच अर्ज कर. तो आपल्याकडे आला नाही तरी चालेल, पण त्याची सवलत बुडता कामा नये. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम योजना आहे. गडचिरोलीहून आलेल्या पालकांना यांची नावं तरी सांगा.

सर्वाधिक पॅकेजचा फ्लेक्स

एका विद्यार्थ्याला मिळालेलं सर्वांत मोठं पॅकेज सहा फुटांच्या फ्लेक्सवर छापायचं आणि बाकीच्या वर्गाबद्दल गप्प राहायचं, ही रीत सोडून द्यावी. पालक आता विचारतात, ‘बाकीच्यांना किती मिळाले?’ उत्तर नसेल तर फ्लेक्सवरच्या बाकीच्या मजकुरावरही त्यांचा विश्वास बसत नाही.

शाखेनुसार एक तक्ता करा: किती पास झाले, किती जणांनी प्लेसमेंटसाठी नाव दिलं, किती जणांना ऑफर आली आणि मध्यक पगार किती. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडले की बरोबर मधला, हे एका ओळीत समजावून सांगता येतं. एनआयआरएफच्या (केंद्र सरकारच्या) संस्था क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था नोकरी मिळालेल्यांची संख्या आणि मध्यक पगार तशीही कळवतात आणि ती माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवतात. एखाद्या जागरूक पालकाने मोबाइलवर ती उघडली आणि फ्लेक्सशी ताडून बघितली तर काय दिसेल, हे छपाईला देण्याआधी बघा. आकडा लहान असला तरी द्या. सोबत कोणत्या कंपन्या आल्या, किती जण नागपूरजवळच्या मिहान किंवा बुटीबोरीतल्या उद्योगांत लागले, किती जण पुण्याला गेले, हे सांगितलं की चित्र खरं उभं राहतं.

नॅक, एनबीए (दोन्ही दर्जा तपासणाऱ्या संस्था) आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) यांची चिन्हं ओळीने छापण्याचंही असंच. नॅकची श्रेणी संस्थेला असते आणि तिला मुदत असते. एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला असते, सगळ्या कॉलेजला नाही. मुदत संपलेली श्रेणी आणि एका शाखेची मान्यता सगळ्यांच्या नावाने लावणं, दोन्ही बंद करा. ‘डिग्री नागपूर विद्यापीठाची मिळते का?’ हा प्रश्न तर हमखास येतो. संलग्न आणि स्वायत्त कॉलेजात पदवी विद्यापीठाची, खासगी विद्यापीठात त्याची स्वतःची. सरळ उत्तर द्या.

‘आज भरा, सीट बुक करा’

मेळाव्यातच दहा हजार घेऊन सीट ‘राखून’ ठेवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. कॅपच्या जागेबाबत असं वचन कुणीच देऊ शकत नाही, आणि संस्थास्तरावरच्या जागाही जाहिरात व गुणवत्ता यादी लावूनच भरायच्या असतात. राज्यात देणगी शुल्काला बंदी घालणारा कायदा 1987 पासून आहे. मूळ टीसी किंवा गुणपत्रिका ठेवून घेणं तर त्याहून वाईट. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या अधिसूचनेनुसार मूळ कागद तपासून परत करायचे असतात, आणि प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याआधी विद्यार्थ्याने प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत द्यावी लागते, त्यातून प्रक्रिया शुल्क फार तर 5 टक्के आणि तेही 5000 रुपयांच्या आत कापता येतं. हा नियम पालकांना आपणहून सांगा. परतीची वाट उघडी आहे हे कळलं की माणूस जास्त मोकळेपणाने निर्णय घेतो.

स्टॉलवर कोण बसतं आणि ऊन

दोन विद्यार्थी हवेतच, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे, शक्यतो वेगवेगळ्या जिल्ह्यांतले. ब्रह्मपुरीची मुलगी ब्रह्मपुरीच्या मुलीशी जे बोलते, ते आपण बोलू शकत नाही. त्यांना पढवू नका. फक्त फी आणि सवलतीचे प्रश्न तज्ज्ञाकडे पाठवायला सांगा.

मे महिन्यातल्या नागपुरात पारा 45 च्या आसपास जातो आणि नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी रस्ते ओस पडतात. बाहेरगावची माणसं सकाळी येतात आणि संध्याकाळची एसटी किंवा रेल्वे त्यांना गाठायची असते. त्यामुळे आपला सर्वांत चांगला माणूस सकाळी साडेदहापासून हजर हवा, जेवणाच्या सुट्टीत सगळा स्टॉल रिकामा होता कामा नये. थंड पाणी आणि चार जास्तीच्या खुर्च्या ठेवा. कॉलेज हिंगणा रोड, काटोल रोड किंवा बुटीबोरीकडे असेल तर सीताबर्डीहून कसं यायचं, मेट्रोचं शेवटचं स्टेशन कोणतं, तिथून कॉलेजची बस किती वाजता, हे नकाशासह छापा.

नंबर भरपूर, पण फोन कुणी उचलत नाही

कारणं बहुधा दोन. एक म्हणजे भेटवस्तूच्या लालसेने घेतलेले नंबर. पेन आणि पिशवी देऊन घेतलेला नंबर त्या पेन-पिशवीपुरताच असतो. दुसरं म्हणजे त्याच मुलाला त्याच आठवड्यात सगळ्यांकडून फोन जातात आणि सगळे एकच विचारतात, ‘मग काय ठरलं?’

नंबर घेतानाच त्याचा अडलेला प्रश्न शेजारी लिहा. ‘होस्टेल’, ‘कास्ट व्हॅलिडिटी’, ‘आयटी की डेटा सायन्स’ एवढं पुरे. त्याच संध्याकाळी त्या प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सॲपवर पाठवा, फोनवर नको. त्यानंतर फोन दोनदाच: कागदपत्रं पडताळणीच्या आधी आणि ऑप्शन फॉर्म सुरू झाल्यावर. दोन्ही वेळी काही तरी उपयोगाचं सांगायला हवं.

बारावीची बरीच मुलं अजून अठरा वर्षांची झालेली नसतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 अठराखालच्या व्यक्तीला मूल मानतो आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. म्हणून नोंदणीच्या कागदावर पालकांचं नाव, त्यांचा नंबर आणि सहीची जागा ठेवा, माहिती कशासाठी घेतली ते वर मराठीत लिहा, आणि ही यादी कोणत्याही एजंटाला किंवा क्लासवाल्याला देऊ नका. प्रवेश संपल्यावर, ज्यांनी दुसरीकडे प्रवेश घेतला त्यांचे नंबर यादीतून काढून टाका.