बदलीवर मराठवाड्यात आलात? लेकराचं जाकीट घरीच शिवा

कोकणातून इकडे येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी थंडीचं सांगते. नळाला पाणी येण्याचे ठरलेले दिवस, ज्वारीची भाकरी, हे हळूहळू अंगवळणी पडतं. थंडीला मात्र आपलं सामान तयार नसतं. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा काही दिवस ५-६ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा २७-२८ च्या आसपास. सकाळी रिक्षात कुडकुडणारं लेकरू मधल्या सुट्टीत घामाघूम! त्यामुळे आत स्पंज भरलेलं जाडजूड जाकीट निम्मा दिवस दप्तरावर लोंबत राहतं. हवं ते हलकं, पुढून पूर्ण उघडणारं आणि कान झाकणारं.

मध्यम जाडीचं फ्लीस, म्हणजे लवदार पॉलिएस्टरचं ऊबदार कापड घ्या. पाच वर्षांच्या मुलाला ६० इंच पन्ह्याचं एक मीटर पुरतं. याचे धागे सुटत नाहीत, कडा बांधणारं ओव्हरलॉक मशीन नसलं तरी अडत नाही. कापड ताणतं ती दिशा अंगावर आडवी येईल आणि लव सगळ्या तुकड्यांवर खालच्या बाजूला जाईल असं बेतून कापा. अस्तराला जुनी सुती साडी उत्तम; नवं सुती कापड आटतं, ते आधी भिजवून वाळवून घ्या. छातीच्या मापात पाच-सहा इंच सैल धरा, आत स्वेटर बसला पाहिजे.

खरी मेख जाकिटाला जोडलेल्या टोपीत आहे. दोन तुकड्यांची टोपी मागे टोकदार होते आणि मान वळवली की डोळ्यांवर येते. तीन तुकड्यांची करा. गळ्याच्या खळगीपासून डोक्यावरून पुन्हा खळगीपर्यंत टेप सैल फिरवा, त्याच्या निम्म्यात एक इंच मिळवा, ही उंची. मध्ये तीन इंचांची पट्टी येणार म्हणून बाजूच्या तुकड्यांच्या उंचीतून आणि मागच्या कडेतून दीड-दीड इंच काढा. शिवणीची माया, म्हणजे टिपेसाठी कडेला सोडायचं कापड, वेगळी. टोपी आखूड झाली तर मान खाली घालताच सगळं जाकीट मागे ओढलं जातं. नाडी अजिबात घालू नका, घसरगुंडीवर अडकली तर गळ्याला फास बसतो. तोंडाच्या कडेला सैल इलॅस्टिक पुरे.

आधी खांदे जोडा, मग टोपी, मग बाह्या. शेवटी बाहीपासून कंबरेपर्यंत एकच टीप. टाका लांब ठेवा, कापड मागून ओढू नका. चेन खालून सुटणारी घ्या आणि कच्चा टाका घालूनच बसवा, नाहीतर पुढची बाजू लाटेसारखी होते. वरच्या टोकावर कापडाची छोटी टोपण-पट्टी द्या, हनुवटीला रनर टोचत नाही. गरम इस्त्री लावू नका.

लातूर-धाराशिवकडे असाल तर येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात जेवायचं बोलावणं येईलच. भल्या सकाळी निघताना जाकीट घाला, पण चुलीजवळ किंवा शेकोटीपाशी ते काढूनच ठेवा. ठिणगी उडाली तर फ्लीस वितळून कातडीला चिकटतं.