घर किती आवरायचं? कामाला एकच प्रश्न विचारा

आवरायला घेतलं की सुट्टी संपते, तरी काहीतरी राहिलंच असं वाटतं. म्हणून हात लावण्याआधी विचारा: हे आज नाही केलं तर काय बिघडेल?

१. झुरळं, डास, वास किंवा घसरून पडणं, यातलं काही होणार असेल तर ते रोजचं काम. खरकटी भांडी, ओटा, ओला कचरा, न्हाणीघरातली बुळबुळीत फरशी.

२. कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामे करा, कडा घासा, कोरडे होऊ द्या. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेलाच चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही.

३. नुसतंच दिसायला वाईट असेल तर रविवारपर्यंत राहू द्या. खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग, रद्दी. माळा तर दिवाळीपर्यंतही चालतो.

पाहुणे अचानक येणार? बाहेरची खोली आणि संडास बघा, बेडरूमचं दार लोटून घ्या. कोणी आत डोकावत नाही (आत्या सोडून).

सांभाळा: संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो.