कांदा महागला की खर्च घटतो? अलवचिक मागणीच्या गणितातल्या या चुका टाळा

बारावीच्या अर्थशास्त्राच्या वह्यांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘किंमत वाढली, मागणी घटली, म्हणून एकूण खर्च घटला.’ पहिली दोन पावलं बरोबर, तिसरं घसरतं.

एका घरात महिन्याला ५ किलो कांदा येतो असं धरू. भाव ३० रुपये किलो, खर्च १५०. भाव ६० झाला. भजी बंद, ताटातली कच्ची फोड बंद. पण फोडणीला कांदा हवाच. ४ किलो आला, खर्च २४०. कांदा कमी, बिल जास्त! अर्थतज्ज्ञ मार्शलची एकूण खर्च पद्धत हेच सांगते: किंमत आणि खर्च एकाच दिशेला गेले की मागणी कमी लवचिक, म्हणजेच अलवचिक; किंमत ज्या प्रमाणात बदलते त्यापेक्षा कमी प्रमाणात ती बदलते. अडलात तर आधीचा आणि नंतरचा गुणाकार शेजारी मांडा, निम्म्या शंका तिथेच मिटतात.

हाच नियम उतरत्या भावालाही लागतो, आणि ते विसरणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. पीक उदंड आलं, भाव कोसळला, तरी लोक काही दुप्पट कांदा खात नाहीत. त्यामुळे जास्त क्विंटल विकूनही लासलगावच्या लिलावात शेतकऱ्याच्या हातात हलकी पट्टी, म्हणजे कमी पैसे, पडू शकतात.

अलवचिक म्हणजे मागणी जागची हलतच नाही, असंही नव्हे. ती संपूर्ण अलवचिक मागणी. इथे एक किलो घटलाच ना?

आता टक्केवारी. मागणीतल्या टक्के बदलाला किमतीतल्या टक्के बदलाने भागलं की लवचिकता मिळते. ३० वरून ६० म्हणजे १०० टक्के वाढ, मागणीत २० टक्के घट; लवचिकता ०.२. परतीच्या वाटेवर किंमत ५० टक्के उतरते, मागणी २५ टक्के चढते, उत्तर ०.५. रस्ता एकच, उत्तरं दोन. म्हणून टक्केवारी काढताना दोन्ही टोकांची सरासरी पाया धरा: जाताना-येताना ०.३३ च येतं.

एका गाळ्यावरून सगळ्या बाजाराचा निष्कर्ष काढू नका. शेजारचा ५० ला देत असताना ६० सांगणाऱ्याकडे कोण थांबेल? कांद्याची मागणी कमी लवचिक, त्याच्या कांद्याची नाही.

शेवटचा सापळा श्रावणाचा. कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घराचा खर्च उतरतो, पण ती किमतीची करामत नव्हे. मागणीची रेषाच डावीकडे सरकलेली असते, म्हणजे त्याच भावाला मागणी कमी. तिथे लवचिकता काढत बसू नका. महिना संपला की भाव तोच असला तरी त्या घरात पुन्हा पाच किलो येतो.