डेट एक, खुणा चार

लेबर रूममधली सिस्टर म्हणून माझ्या कानावर सतत पडणारं वाक्य म्हणजे, "सिस्टर, डेट उलटली हो, आता काय?" शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं नेमकी डेटच्या दिवशी जन्मतात. त्यामुळे ती तारीख घोकत बसू नका. कॅलेंडर आणि पेन घ्या.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. पाळी 10 जानेवारीला आली असेल, तर डेट 17 ऑक्टोबर. झाले 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे. यातल्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ राहिलेलाच नसतो, तरी ते धरायचे, कारण पाळीची तारीख लक्षात राहते, गर्भ कधी राहिला ते सहसा कळत नाही. हा हिशेब 28 दिवसांच्या पाळीचा आहे. पाळी दर 35 दिवसांनी येत असेल, तर डेट आठवडाभर पुढे जाते.

खरा गोंधळ फाइलमध्ये असतो. प्रत्येक सोनोग्राफीवर वेगळी तारीख! यातली पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सगळ्यात भरवशाची. तेव्हा सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, म्हणून लांबीवरून दिवस नीट कळतात. तिची तारीख पाळीच्या हिशेबापेक्षा आठवड्याहून जास्त वेगळी आली, तर डॉक्टर सोनोग्राफीचीच धरतात. एकदा डेट ठरली की ती बदलत नाही. आठव्या-नवव्या महिन्यात मशीन दाखवतं ती तारीख बाळाच्या आकारावरून येते. बाळ लहान चणीचं असलं की ती पुढे जाते, एवढंच. ठरलेली डेट फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

आता वरच्या उदाहरणातल्या खुणा करू. 26 सप्टेंबरला 37 आठवडे पूर्ण होतात. त्याआधी झालेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. 10 ऑक्टोबरला 39 पूर्ण, आणि तिथपासून 23 ऑक्टोबरपर्यंत खऱ्या अर्थाने पूर्ण दिवस. 24 ला 41 पूर्ण, 31 ला 42. मोजताना 'लागला' आणि 'पूर्ण झाला' यांत घोळ करू नका. 36 आठवडे आणि एक दिवस झाला की सदतीसावा लागतो, पण 37 व्हायला अजून सहा दिवस असतात.

"सदतीस झाले ना, मग सिझर करून टाका, आता उठवत-बसवत नाही," असं म्हणणाऱ्या बाईची मला दया येते. तरी मी नाहीच म्हणते. शेवटचे आठवडे फुप्फुसं आणि मेंदू तयार होण्याचे असतात. 35 आठवड्यांना मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या साधारण दोन तृतीयांश भरतं. 37-38 ला जन्मलेली बहुतेक बाळं ठणठणीत असतात, पण श्वासाचा त्रास, कावीळ, दूध नीट न ओढणं हे त्यांच्यात 39 नंतरच्या बाळांपेक्षा जास्त दिसतं. बीपी वाढलं, बाळाची वाढ खुंटली, वार (पोटात बाळाला पोसणारा अवयव, प्लासेंटा) खाली असली किंवा जुळी असली, तर गोष्ट वेगळी. तिथे थांबणंच धोक्याचं ठरू शकतं, आणि तो निर्णय डॉक्टरांचा.

डेट उलटून दोन-चार दिवस गेले तर घाबरायचं कारण नाही, पण तपासणी चुकवू नका. 41 पूर्ण झाल्यावर वार थकू लागते, गर्भजल कमी होऊ शकतं. म्हणून ठोके आणि पाणी तपासतात आणि कळा आणण्याबद्दल बोलतात. 42 च्या पुढे सहसा जाऊ देत नाहीत.

कॅलेंडर काहीही सांगो, पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, डोकं प्रचंड दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली, तर लगेच निघा. 37 च्या आत ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या तरीही. रात्रीचे दोन वाजले असले तरी आम्ही जागेच असतो.