सोसायटीच्या गणपतीत क्विझ घ्यायचीय? मग प्रश्न कसे काढायचे ते वाचा

गणपती जवळ आले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी कोणीतरी टाकतंच की यंदा जनरल नॉलेजची क्विझ ठेवूया, त्यावर सगळे अंगठे दाखवतात आणि प्रश्न काढायचं काम फिरत फिरत माझ्या गळ्यात येऊन पडतं. सहा वर्षं झाली आता. पहिल्या वर्षी इतकी माती खाल्ली होती की विचारू नका, पण त्यातूनच जे काही कळलं ते लिहून ठेवतोय, कोणाला उपयोग झाला तर झाला.

पहिल्या वर्षी मी काय केलं तर स्टेशनबाहेर मिळतं तसलं एक जीकेचं पुस्तक आणलं आणि त्यातले चाळीस प्रश्न उतरवून काढले. राजधान्या, राष्ट्रीय पक्षी, अमक्याचा शोध कोणी लावला वगैरे. पहिल्या दहा मिनिटांत दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे स्कॉलरशिपवाली पोरं धडाधड उत्तरं द्यायला लागली आणि बाकीची पब्लिक मोबाईल काढून बसली. आणि दुसरी म्हणजे मी विचारलं भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता, एका टीमने लिहिलं हॉकी, दुसऱ्या टीमने लिहिलं "कोणताच नाही", मी हॉकीला मार्क दिले आणि मागच्या रांगेतले एक रिटायर्ड काका उभे राहिले. म्हणे अहो, २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारात विचारलं तेव्हा खुद्द क्रीडा मंत्रालयाने सांगितलंय की कुठलाच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. बरोबर होतं त्यांचं. अर्धा तास वाद, आरतीला उशीर, आणि पुस्तकावर खापर फोडून मी कसाबसा सुटलो.

तर पहिली गोष्ट. प्रश्नात राष्ट्रीय, पहिला, सर्वात मोठा, सर्वात उंच यातला एकही शब्द आला की थांबायचं आणि तो प्रश्न पुन्हा वाचायचा. भांडणं नव्वद टक्के इथेच होतात.

उदाहरण देतो. "भारतातली पहिली रेल्वे कधी धावली?" आपण सगळे म्हणणार १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. पण त्याआधी १८३७ मध्ये मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहायला रेल्वे होती. म्हणजे प्रश्नात "पहिली प्रवासी रेल्वे" असं हवं, एवढा एकच शब्द घातला की काकांचं तोंड बंद. तसंच खाशाबा जाधवांचं. "ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारे पहिले भारतीय" असं विचारलंत की कोणीतरी नॉर्मन प्रिचर्ड काढणार, त्याने १९०० साली पॅरिसला दोन रौप्य मिळवली होती आणि ती भारताच्या नावावर धरतात. "स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक" म्हणा, मग हेलसिंकी १९५२, कुस्ती, कांस्य, खाशाबा, विषय संपला. (जाता जाता, महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळे. दोघांचंही नातं कोल्हापूरशी. हाच प्रश्न केलात तर जास्त मजा येते.)

पहिल्या महिला डॉक्टर कोण हा प्रश्न तर मी आता घेतच नाही. आनंदीबाई जोशींनी मार्च १८८६ मध्ये अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाला डिग्री घेतली हे खरंय, पण त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे प्रॅक्टिसही केली, आनंदीबाई मात्र परत आल्यावर थोड्याच महिन्यांत, वयाच्या एकविसाव्या वर्षी गेल्या. आणि मग रखमाबाई आहेतच, त्यांनी तर अनेक वर्षं प्रॅक्टिस केली. एका ओळीच्या उत्तरात हे बसत नाही. विचारायचंच असेल तर असं विचारा की १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या, कल्याणला जन्मलेल्या या बाई कोण.

सर्वात उंच पर्वत हेही तसंच. समुद्रसपाटीपासून म्हणाल तर एव्हरेस्ट, ८८४८.८६ मीटर, हा आकडा डिसेंबर २०२० चा, नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेला. पण पायथ्यापासून मोजाल तर हवाईचा मौना केआ, कारण त्याचा पायथा समुद्राच्या तळाशी आहे आणि एकूण उंची दहा हजार मीटरच्या वर जाते. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलंत तर इक्वेडोरचा चिंबोराझो, कारण पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे, तिथे तो एव्हरेस्टलाही साधारण २ किलोमीटरने मागे टाकतो. मी एका वर्षी उलटा प्रश्न केला, या तिन्ही पर्वतांची नावं दिली आणि विचारलं की तिघेही सर्वात उंच असं म्हणता येतं, ते कसं काय? पाचवीतल्या एका मुलीने मौना केआचं बरोबर सांगितलं, टाळ्यांचा कडकडाट.

इथून दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. चांगला प्रश्न कोणता, तर ज्याचं उत्तर पाठ नसलं तरी डोकं खाजवून, आपापसात कुजबुज करून त्याच्या जवळ जाता येतं. उत्तर ऐकल्यावर लोकांनी "अरे हो की!" म्हणायला पाहिजे. "असेल बाबा" असं म्हणाले की समजायचं प्रश्न फसला. बुरुंडीची राजधानी विचारून काय मिळतं? येतं त्याला येतं, नाही येत त्याने काय करायचं.

माझा सगळ्यात हिट प्रश्न हा होता: उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची, जिरं, तूप, यातले मूळचे भारतातले जिन्नस किती? सगळ्या आज्या एकदम अलर्ट. कोणी म्हणे पाच, कोणी म्हणे सगळे, उपवासाला चालतात म्हणजे आपलेच असणार ना! तर साबुदाणा आपल्याकडे टॅपिओकाच्या कंदापासून करतात आणि ते झाड दक्षिण अमेरिकेतलं. शेंगदाणा दक्षिण अमेरिका. बटाटा तिथलाच, आणि बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. मिरचीही अमेरिकेतलीच, पोर्तुगिजांबरोबर आलेली. जिरं फार जुन्या काळी आलं पण मूळचं भूमध्य समुद्राच्या बाजूचं. उरलं तूप. एक! एक आजी जाम चिडल्या, म्हणाल्या मग इतकी वर्षं मी काय खात होते, पोर्तुगालचा उपवास? त्या दिवसापासून क्विझला बायकांच्या तीन टीम वाढल्या.

असे प्रश्न शोधायचे कुठे तर स्वयंपाकघर, गाव, भाषा, रोजची लोकल, जिथे आपली माणसं रोज वावरतात तिथेच. चावी, पगार, घमेलं, पाव, कोबी हे शब्द कुठून आले? पोर्तुगीजमधून. हापूस नाव कशावरून? अफोंसो या पोर्तुगीज नावावरून, अल्फान्सोही त्याचंच रूप. मुंबईच्या घड्याळाचा एक आहे, तो कॉलेजच्या पोरांना फार आवडला: भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून लागू, तरी त्यानंतर कितीतरी वर्षं मुंबईत लोक घड्याळ ३९ मिनिटं मागे ठेवायचे, का? कारण मुंबईची स्वतःची वेळ होती, बॉम्बे टाइम, आणि मुंबईकर ती सोडायला तयार नव्हते. सूर्य पूर्वेकडून येतो, प्रमाणवेळ अलाहाबाद-मिर्झापूरकडची, मुंबई पश्चिमेला, म्हणजे मागे असणार हे गणित मुलं आपसूक करतात.

आता खात्री कशी करायची त्याबद्दल. व्हॉट्सअॅपवर आलेलं काहीही तसंच उचलायचं नाही, मग पाठवणारा तुमचा शाळेतला सर असला तरी. युनेस्कोने जन गण मन हे जगातलं सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत जाहीर केलं, दोन हजाराच्या नोटेत चिप आहे, चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे तिन्ही प्रश्न लोकांनी मला "घे घे" म्हणून पाठवलेले आहेत. तिन्ही खोटे. भिंतीचं तर चीनच्या स्वतःच्या पहिल्या अंतराळवीराने, यांग लिवेईने, २००३ मध्ये परत आल्यावर सांगितलं की मला काही दिसली नाही बाबा. माझा नियम असा की एकमेकांची कॉपी नसलेल्या दोन ठिकाणी उत्तर सापडलं तरच प्रश्न घ्यायचा. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, तो फार कमी लोक उघडतात, भाषा जरा जड आहे पण माहिती भक्कम. एआयला विचारून प्रश्न काढणारेही आता आहेत, काढा, पण तो चुकीचं उत्तरसुद्धा इतक्या ठामपणे देतो की आपल्यालाच स्वतःवर शंका यायला लागते, तेव्हा तपासणं काही सुटत नाही.

आणि खरी वाटणारी गोष्ट अर्धीच खरी निघते असंही होतं. "शुक्राचा एक दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो" हे सगळीकडे वाचलं असेल. शुक्र स्वतःभोवती एक फेरी मारायला २४३ दिवस घेतो आणि सूर्याभोवती २२५, म्हणून. पण दिवस म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत असं धरलं तर तो साधारण ११७ दिवसच भरतो, कारण शुक्र उलटा फिरतो. मग प्रश्नात "दिवस" न म्हणता "स्वतःभोवतीची एक फेरी" म्हणायचं. मी हे एकदा न बघता विचारलं होतं, समोर फिजिक्स शिकवणाऱ्या मॅडम बसल्या होत्या, पुढचं सांगत नाही.

जुने प्रश्न परत वापरत असाल तर उत्तरं शिळी झालीत का ते बघा. महाराष्ट्रात जिल्हे किती, तर २०१४ ला पालघर झाल्यापासून ३६, पण जुन्या पुस्तकात ३५ असणार. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर यांची नावं बदलली. केंद्रशासित प्रदेश ८. शनीचे चंद्र तर विचारूच नका, २०२३ मध्ये १४६ होते, मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नवे मोजले आणि झाले २७४.

घेताना काय करायचं ते थोडक्यात. तीस प्रश्न पुरे, चाळीस झाले की लहान मुलं रडायला लागतात. टीम चार जणांची, आणि त्यात एक साठीच्या वरचा आणि एक बारा वर्षांखालचा हवाच अशी अट घाला, याने इतका फरक पडतो म्हणून सांगू. बझरच्या नादी लागू नका, आमचा दोन वर्षं मिळून एकदाच नीट वाजला. कागदावर उत्तर लिहायचं, एका मिनिटात कागद वर. पहिले चार-पाच प्रश्न सोपे, सगळ्यांचं खातं उघडलं पाहिजे, शून्यावर बसलेली टीम तिसऱ्या राऊंडला वडापाव खायला निघून जाते. प्रश्न आदल्या दिवशी घरात कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारा "म्हणजे?" म्हणाला तर वाक्य बदला.

उत्तर सांगितल्यावर पुढे एक-दोन वाक्यं गोष्ट सांगा, तिथेच खरी रंगत आहे. म्हणजे गेट वे ऑफ इंडिया कोणाच्या स्वागतासाठी बांधलं, पंचम जॉर्ज, बरोबर, पण राजा आला १९११ ला आणि बांधकाम पुरं झालं १९२४ ला, बिचाऱ्याने पुठ्ठ्याचं मॉडेलच बघितलं. आणि १९४८ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी त्याच दारातून बाहेर गेली. किंवा फाळक्यांच्या १९१७ च्या "लंका दहन" मध्ये राम कोणी केला आणि सीता कोणी केली? दोन्ही एकाच माणसाने, अण्णा साळुंके. हे सांगितल्यावर पाच मिनिटं नुसता गोंधळ, पण तो हवाहवासा.

वाद झालाच तर काय? आधीच जाहीर करून टाका की क्विझमास्टरचा निर्णय शेवटचा, पण कोणी पुरावा दाखवला तर दोन्ही टीमना मार्क. काकांना मी तिसऱ्या वर्षीच परीक्षक करून टाकलं, तेव्हापासून शांतता आहे.

टायसाठी मात्र एक आकड्याचा प्रश्न खिशात ठेवाच, जो जास्त जवळ तो जिंकला. गेल्या वर्षी दोन टीम बरोबरीत होत्या. मी विचारलं, गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वरला, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण बाई निघते उलट्या दिशेला आणि जाऊन मिळते बंगालच्या उपसागराला, तर किती किलोमीटर चालून? एका टीमने लिहिलं ९००, दुसरीने २०००. उत्तर १४६५. दोन हजारवाले ३० किलोमीटरच्या फरकाने जिंकले, आणि ९०० वाल्यांतला एक पोरगा अजून लिफ्टमध्ये भेटला की विचारतो, दादा, नक्की तपासलं होतंत ना?