भिंती उबदार, सामान तेच

आमचा हॉल उत्तरेकडचा. ऊन जेमतेम, त्यात राखाडी भिंती. रंगाआधी दिवे बदलले: ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) पांढऱ्याफेक ट्यूबऐवजी २७०० चे पिवळसर बल्ब. निम्मं काम तिथेच झालं. मग हळदीकडे झुकणारा बदामी रंग. शेडकार्डवर विसंबलो नाही. छोटा डबा आणून भिंतीवर दोन हात मारले, दिवसा आणि रात्री दिव्यात पाहिले. चारही भिंतींवर रंग कार्डापेक्षा गडद वाटतो, म्हणून एक शेड फिकी घेतली.

नवं सामान शून्य. आजोबांचा सागवानी दिवाण पॉलिश करून खिडकीपाशी, त्यावर सोलापुरी चादर. आईच्या विरलेल्या इरकलीचे पडदे शिवले, अस्तर लावून. नाहीतर जुनं कापड स्वतःच्या वजनानेच फाटतं. काचेचं टीपॉय मला कधीच आवडलं नव्हतं, ते गॅलरीत गेलं.